पुण्यात बदली झाली? आधी शाळा ठरवा, मग घर

नागपूर, नांदेड, कोल्हापूर, जळगावहून किंवा थेट बेंगळुरू-हैदराबादहून पुण्यात येणारी बहुतेक कुटुंबं एकाच क्रमाने कामाला लागतात. ऑफिस कुठे आहे ते बघायचं, नकाशावर त्याच्या आसपासचा भाग शोधायचा, फोटो पाहून टू बीएचके पसंत करायचा, एजंटला टोकन द्यायचं. सामानाचा ट्रक रिकामा झाला की मग शाळांचे उंबरे झिजवायचे. तोवर जवळच्या बऱ्या शाळांच्या जागा भरलेल्या असतात. मग मिळेल ती शाळा घ्यायची आणि पोराला रोज तास-दीड तास बसमध्ये बसवायचं.

पुण्यात हा क्रम उलटा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी शाळा, तिच्या आसपास घर, आणि ऑफिसची ये-जा मोठ्यांनी सोसायची. मोठा माणूस ट्रॅफिकमध्ये फोन उरकतो, आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम मागून घेतो, नाहीच जमलं तर निघायची वेळ बदलतो. सहा वर्षांच्या पोराला यातलं काही करता येत नाही.

तुमचं पुणे नेमकं कुठलं?

पुणे म्हणून ज्याला ओळखतात त्याचा कारभार एका हाती नाही. पुणे महानगरपालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका वेगळी. या दोन्हींच्या बाहेरच्या गावांत ग्रामपंचायत आहे आणि तिथल्या बांधकामांना परवानगी देतं ते २०१५ साली स्थापन झालेलं पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. शिवाय पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट आहेत. वाकडला राहिलात तर तुम्ही पिंपरी-चिंचवडचे रहिवासी, बालेवाडीला राहिलात तर पुण्याचे. दोन्हींमध्ये मुळा नदीएवढंच अंतर, पण पाणी वेगळ्या धरणाचं, कर वेगळा आणि तक्रार करायची तीही वेगळ्या दारात.

पुणे महापालिकेत २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, पिसोळी ही २०२१च्या यादीतली. इथे टॉवर आधी उभे राहिले; जलवाहिनी, ड्रेनेज आणि फुटपाथ मागून येतायत. म्हणून घराच्या जाहिरातीत ‘महापालिका हद्दीत’ असं वाचलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कधीपासून? १९९७ आणि २०२१ यांत बराच फरक पडतो.

ऑफिसवरून पट्टा ठरवा, पत्ता नको

आधी शाळा म्हटलं तरी ऑफिस पूर्वेला आणि शाळा पश्चिमेला असं करून चालत नाही. शहर ओलांडावं लागेल अशी निवड टाळायची, इतपत ऑफिसचा विचार पुरतो.

हिंजवडीत नोकरी असेल तर वाकड, ताथवडे, पुनावळे, पिंपळे सौदागर, बालेवाडी, बाणेर, सूस, बावधन हा पट्टा. यात पिंपळे सौदागर मला कुटुंबासाठी उजवं वाटतं. रस्ते त्यातल्या त्यात रुंद, बागा आहेत, भाजी-दवाखाना पायी अंतरावर आणि शाळाही बऱ्याच. बाणेर-बालेवाडीत मोकळी हवा आणि टेकडी आहे, पण भाडं चढं. पुनावळे-ताथवड्यात त्याच पैशात मोठं घर मिळतं. मात्र भूमकर चौक आणि वाकडचा पूल यांची ओळख सोमवारी सकाळी नऊ वाजता करून घ्या, रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून नको.

खराडी किंवा विमाननगरला ऑफिस असेल तर विमाननगर, कल्याणीनगर, वडगाव शेरी, खराडी आणि पुढे वाघोली. वाघोलीत घरं स्वस्त आहेत, पण नगर रस्ता ते सगळं वसूल करतो. हडपसर-मगरपट्ट्यासाठी खुद्द मगरपट्टा-अमानोरा, नाहीतर मांजरी, एनआयबीएम रस्ता, मोहम्मदवाडी, उंड्री. उंड्री-मोहम्मदवाडीत मोठमोठ्या इंग्रजी शाळा एकमेकींना खेटून आहेत. त्यामुळे शाळा भरताना आणि सुटताना तिथले अरुंद रस्ते पिवळ्या बसनी तुंबतात. त्याच भागात राहून मूल पायी किंवा दहा मिनिटांत पोहोचणार असेल तरच त्या शाळांचा खरा फायदा.

चाकण, तळवडे, भोसरीकडे कारखान्यात नोकरी असेल तर निगडी-प्राधिकरण, चिंचवड, आकुर्डी, मोशी. प्राधिकरणाबद्दल पुणेकर फारसं बोलत नाहीत, आणि तिथल्या लोकांना ते बरंच वाटत असणार. १९७२मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि आखून वसवलेली सेक्टर उभी राहिली. सावलीचे रस्ते, मैदानं, जुन्या शाळा, जवळच लोणावळा लोकलचं स्टेशन. मुलं संध्याकाळी एकटी सायकलवर क्लासला जाताना दिसतात. शहराच्या इतर भागांत हे दृश्य आता विरळ झालंय.

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर हे जुने, मराठी वळणाचे भाग. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना इथे सोबत मिळते. मराठी आणि सेमी इंग्रजीच्या मुरलेल्या शाळा याच बाजूला आणि पेठांत आहेत. मेट्रोचा वनाज ते रामवाडी मार्ग मार्च २०२४मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून कोथरूडला राहून येरवडा-कल्याणीनगरला नोकरी करणं जमण्यासारखं झालंय. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा दुसरा मार्गही सप्टेंबर २०२४पासून पूर्ण चालतो. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या तिसऱ्या मार्गाबद्दल मात्र सांभाळून. तुम्ही याल तेव्हा गाडी धावताना दिसली तर जरूर धरा. बिल्डरांच्या जाहिरातीत ती कधीची धावतेय.

शाळा: नाव सोडा, कागद बघा

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा.

पहिलं माध्यम आणि बोर्ड. मूल आजवर मराठी माध्यमात शिकलं असेल, तर पुण्यात आल्याबरोबर त्याला इंग्रजी माध्यमात ढकलायची गरज नाही. शेजारच्या टॉवरमधली सगळी मुलं तिकडे जातात हे कारण पुरेसं नाही. सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून असतात. अनुदानित शाळांची फी खासगी इंग्रजी शाळांच्या तुलनेत किरकोळ असते आणि शिक्षक वर्षानुवर्षं टिकलेले असतात. सेनापती बापट रस्त्यावरची अक्षरनंदनसारखी मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा, किंवा पाचवीला परीक्षा घेऊन प्रवेश देणारी सदाशिव पेठेतली ज्ञान प्रबोधिनी प्रशाला, अशा शाळांसाठी लोक घर बदलतात. त्यांच्या प्रवेशाची वेळ आणि पद्धत इतरांहून वेगळी असते, तेव्हा वर्षभर आधी चौकशी करा.

केंद्र सरकारी नोकरीत वारंवार बदली होणाऱ्यांना केंद्रीय विद्यालय सोयीचं. प्रवेशात त्यांनाच आधी प्राधान्य असतं. खासगी नोकरीतही दर तीन वर्षांनी राज्य बदलणार असेल तर सीबीएसई सोयीचं पडतं. पुण्यातच स्थिरावणार असाल तर राज्य मंडळाला नाक मुरडण्याचं कारण मला दिसत नाही. आणि मूल बेंगळुरूला कन्नड किंवा हैदराबादला तेलुगू शिकत आलं असेल तर लक्षात घ्या: २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. घरी मराठी बोलणारं मूल मराठी लिहू शकतंच असं नाही. त्या इयत्तेला काय शिकवलंय ते आधीच विचारा आणि सुट्टीत बालभारतीची पुस्तकं काढून बसा.

आता कागद. पुण्याच्या वाढत्या उपनगरांत ‘सीबीएसई पॅटर्न’ अशी पाटी लावलेल्या शाळा भेटतील. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. पुस्तकं सीबीएसईची, पण बोर्डाची मान्यता नाही, असा प्रकार असतो. दहावी जवळ आली की मूल दुसऱ्याच शाळेच्या नावावर परीक्षेला बसवलं जातं. बनावट ना-हरकत प्रमाणपत्रांची प्रकरणंही पुण्यात उघडकीला आली आहेत. शहानिशा करायला तासाभराहून जास्त लागत नाही. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मागा. सीबीएसई म्हणत असतील तर संलग्नता क्रमांक मागा आणि बोर्डाच्या सारस संकेतस्थळावर तो टाकून तीन गोष्टी जुळवा: शाळेचं नाव, संलग्नता कितवीपर्यंत आहे ते, आणि पत्ता. पत्ता फार महत्त्वाचा. मान्यता बाणेरच्या इमारतीला आणि तुमचं मूल बसणार नव्या शाखेत, असं असेल तर त्या शाखेची मान्यता वेगळी मागायची. शिक्षण विभाग दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, तीही डोळ्यांखालून घाला. हे विचारल्यावर ऑफिसमधल्या मॅडम चिडल्या, तर तुम्हाला बरीच माहिती मिळाली असं समजा.

नावातल्या ‘इंटरनॅशनल’वर थांबू नका. आयबी किंवा केंब्रिज हे आंतरराष्ट्रीय बोर्ड असेल तर त्या संस्थेचा क्रमांक असतो. नसेल तर ते फक्त पाटीवरचं नाव.

नववी-दहावीत मूल असेल तर वेगळा विचार करा. सीबीएसईत नववीलाच नोंदणी होते. दहावीला थेट प्रवेश पालकांची बदली किंवा तत्सम कारण दाखवून, बोर्डाच्या परवानगीनेच मिळतो. बदली वर्षभर पुढे ढकलता येत असेल तर ढकला. नसेल तर निदान बोर्ड बदलू नका. अकरावीसाठी २०२५-२६पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन प्रवेश आहे. म्हणजे दहावी नांदेडला देऊन पुण्यातल्या कॉलेजसाठी अर्ज करणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही.

वय आणि प्रवेशाचा मोसम

महाराष्ट्रात नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण आणि पहिलीला त्याच तारखेला सहा वर्षं पूर्ण, असा हिशेब आहे. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. दुसऱ्या राज्यात मूल सिनियर केजीत असेल तर इथे ते एक वर्ष मागे-पुढे होऊ शकतं, त्यामुळे जन्मतारीख सांगूनच बोलणी सुरू करा.

खासगी इंग्रजी शाळांचे नर्सरीचे फॉर्म दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायला लागतात आणि मोठ्या शाळांच्या जागा नाताळपर्यंत बऱ्याच भरतात. पहिलीत त्यामुळे थोड्याच जागा उरतात, कारण सिनियर केजीतली मुलंच वर चढतात. दुसरी ते आठवीचं गणित वेगळं आहे. आयटीतल्या बदल्यांमुळे एप्रिल-मेमध्ये दाखले निघतात आणि जागा सुटतात. मार्चमध्ये ‘फुल आहे’ म्हणणारी शाळा मेअखेर फोन करते, पण तुमचा अर्ज तिथे पडलेला असेल तरच. म्हणून प्रतीक्षा यादीत नाव नोंदवून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी एक नम्र फोन.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांसाठी उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत लागतं, किंवा वंचित घटकांतलं प्रवर्गाचं प्रमाणपत्र. अर्ज ऑनलाइन भरायचा, जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते, आणि शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते. म्हणजे इथेही घर कुठे घेता याला किंमत आहे. भाडेकरूंना पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच लागतो. नोटरीचा कागद चालत नाही.

फाटकाशी उभं राहा

शाळेचा ओपन डे बघा, पण त्यावर निर्णय घेऊ नका. त्या दिवशी स्मार्टबोर्ड चालू असतो आणि स्विमिंग टँकमध्ये पाणी असतं. त्याऐवजी एखाद्या साध्या बुधवारी, शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधी फाटकासमोर जाऊन उभे राहा. व्हॅनवाले काका आधीच आलेले असतात. त्यांच्या गाड्यांकडे बघा: सात-आठ दप्तरांची जागा आहे की पंधरा पोरं कोंबणार आहेत? घंटा झाली की मुलं कशी बाहेर येतात? बस क्रमांकाची पाटी धरलेली शिक्षिका ओळीने घेऊन येते, की सगळा लोंढा रस्त्यावर? घ्यायला आलेल्या आजोबांचं ओळखपत्र वॉचमन खरंच बघतो, की हात हलवून सोडतो? मुलं दमलेली असणारच, पण एकमेकांशी बोलत येतायत का?

मग रिक्षाकाकांशी बोला. मूल कुठल्या शाळेत घालू, असं विचारू नका, सगळेच चांगल्या म्हणतात. यंदा किती मुलं सोडून गेली, ते विचारा. त्यांची रोजी त्यावर असते, आकडा तोंडपाठ असतो. आणि आत ऑफिसात एकच प्रश्न महत्त्वाचा: मागच्या वर्षीच्या दुसरीच्या वर्गशिक्षिका अजून शाळेत आहेत का? दरवर्षी अर्धे शिक्षक बदलणारी शाळा इमारतीवर खर्च करते, माणसांवर नाही. एका तुकडीत किती मुलं, हेही विचारा. सीबीएसईची मर्यादा साधारण ४० आहे. ब्रोशरमध्ये ३० लिहिलेलं असेल तर खिडकीतून बाक मोजा.

बसचं विचारताना फी नंतर विचारा. आधी हे: आमच्या स्टॉपवर बस किती वाजता येते, आणि आमचा स्टॉप कितवा? सकाळी सगळ्यांत आधी चढणारं मूल दुपारी बहुधा सगळ्यांत शेवटी उतरतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं शासनाने २०२४मध्ये सांगितलंय. तरी बसच्या फेऱ्यांमुळे शाळाशाळांच्या वेळा वेगळ्या आहेत. बसमध्ये महिला मदतनीस आहे का, हेही बघा. राज्याच्या २०११च्या स्कूलबस नियमांनुसार ती असायलाच हवी.

अर्ध्या तासाहून जास्त बस असेल तर ती शाळा यादीत खाली घाला, नाव कितीही मोठं असो. लहान मुलासाठी तरी हा माझा नियम आहे.

फी

थोडक्यात सांगतो. वर्षाची एकूण रक्कम लेखी मागा: शिकवणी फी, प्रवेश फी, टर्म फी, बस, गणवेश, पुस्तकं, ‘ॲक्टिव्हिटी’, सहल. देणगी मागणं राज्याच्या १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे. पावती मागितली की विषय बऱ्याचदा तिथेच मिटतो. २०११च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीच्या संमतीने ठरते आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं लागू राहते. म्हणून चालू फी कुठल्या वर्षी ठरली ते विचारा. यंदाच दोन वर्षं पूर्ण होत असतील, तर पुढच्या जूनचा आकडा आत्ताच मनात वाढवून धरा.

घर: आधी पाणी

शाळा नक्की झाली, निदान दोन शाळांवर बोट ठेवलं, की त्यांच्याभोवती दोन-तीन किलोमीटरच्या आत घर शोधा. मॉड्युलर किचन आणि बाल्कनी दिसतेच. जे दिसत नाही ते पाणी.

पुणे महापालिकेचं बहुतांश पाणी खडकवासला साखळीतल्या चार धरणांतून येतं: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पिंपरी-चिंचवडचं मुख्यतः पवनेतून, आणि तिथे नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणीपुरवठ्याची पद्धत आहे. मोठी टाकी आणि बोअर असलेल्या सोसायटीत ते जाणवत नाही, नसलेल्या सोसायटीत एप्रिलमध्ये कळतं. नव्या हद्दीतल्या कित्येक सोसायट्या आजही टँकरवर चालतात.

घर बघायला गेलात की लिफ्टकडे वळण्याआधी सोसायटीच्या नोटीस बोर्डापाशी थांबा. पाण्याच्या वेळांचा कागद लावलाय का? ‘टँकर न आल्याने आज दुपारी…’ अशा सूचना किती जुन्या? वॉचमनला विचारा: उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर? मेंटेनन्समध्ये टँकर धरलाय की वेगळा, हे मालकाकडून लिहून घ्या. एजंट ‘चोवीस तास पाणी’ म्हणतो ते खोटं नसतं. फक्त ते पाणी महापालिकेचं की टँकरचं, हे तो सांगत नाही.

लहान मुलं असलेल्या घरात पाणी कुठून येतं याइतकंच ते शुद्ध होऊन येतं का, हेही महत्त्वाचं. जानेवारी २०२५मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. तेव्हा टाकी शेवटची कधी धुतली आणि पाण्याची तपासणी होते का, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला बिनदिक्कत विचारा.

नदी-ओढ्याकाठचं घर असेल तर पूररेषा बघा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर-अरण्येश्वरचा भाग धुऊन काढला. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची जुनी खूण दिसते का, तेही बघा. आणखी दोन गोष्टी फोटोत येत नाहीत. उरुळी देवाची-फुरसुंगी आणि मोशी इथल्या कचरा डेपोंचा वास संध्याकाळी वारा फिरला की येतो. धानोरी, टिंगरेनगर, विमाननगरच्या डोक्यावरून लोहगावची विमानं जातात, त्यात हवाई दलाचीही. तान्हं बाळ असेल तर हे कामाचं आहे.

सोसायटी मुलांसाठी कशी, हे बघायला संध्याकाळी सहा ते सात ही वेळ. मुलं खाली आहेत का, की प्ले एरिया रिकामा आणि ‘बॉल खेळण्यास सक्त मनाई’ची पाटी चकचकीत? तुमच्या मुलाच्या वयाची दोन-चार मुलं त्याच शाळेत जाणारी सापडली, तर बस चुकल्यावर कुणाच्या गाडीतून पाठवायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला.

करार, दाखले आणि बाकीची धावपळ

भाड्याचं घर अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर मिळतं. डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांचं भाडं, दलाली बहुधा एका महिन्याची. करार नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. न नोंदवलेल्या करारावर वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, तेव्हा शहाणा मालक टाळाटाळ करत नाही. नोंदणी ऑनलाइन होते. एजंटचा माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, पंधरा मिनिटांचं काम. त्या कराराच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा. शाळा, गॅस, बँक, आधारचा पत्ता, सगळीकडे लागतो.

लॉक-इन किती महिन्यांचा, हे सही करण्याआधी बघा. शाळेच्या प्रतीक्षा यादीतून जूनमध्ये अचानक दुसरीकडे प्रवेश मिळाला तर घर सोडता आलं पाहिजे. सहा महिन्यांपेक्षा जास्त लॉक-इन मी तरी घेऊ देणार नाही.

जुन्या शाळेतून निघताना शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जन्मदाखल्याची प्रत आणि मुलाचा पेन क्रमांक घ्या. हा पेन क्रमांक यू-डायसच्या नोंदीतला असतो. तो नसेल तर नव्या शाळेत नाव ऑनलाइन चढवताना अडतं. दाखल्यावरचं नाव, जन्मदाखला आणि आधार यांतलं स्पेलिंग जुन्या गावातच जुळवून घ्या. पुण्यात बसून लातूरच्या शाळेतला एक अक्षराचा बदल करवून घेणं म्हणजे दोन रजा. दुसऱ्या राज्यातून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल का, हे नव्या शाळेला आधीच विचारून घ्या. आणि नव्या शाळेची लेखी निश्चिती हातात येईपर्यंत जुन्या शाळेतून दाखला काढू नका.

शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा. त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून सोडतीने निवडली जाते. नवीन आलेल्या पालकांनाही नाव देता येतं. फी कशी ठरते ते आतून बघायचं असेल तर द्या.

घर विकत घ्यायचा विचार एक पावसाळा आणि एक एप्रिल-मे त्याच भागात भाड्याने काढल्यावर करा. तेव्हा महारेरावर प्रकल्पाची नोंद आणि भोगवटा प्रमाणपत्र बघाच. बिल्डर नकाशावर शाळेच्या चौकोनावर बोट ठेवेल, तेव्हा तिथे इमारत आहे की विकास आराखड्यातलं आरक्षण, हे जागेवर जाऊन बघा. आरक्षित भूखंडावर शाळा उभी राहीपर्यंत तुमचं पहिलीतलं मूल कॉलेजात गेलेलं असू शकतं.